चेसी आधी, गाडी नंतर

माझी पहिली गाडी मी महालक्ष्मीच्या यात्रेत घेतली. डहाणू तालुक्यात, विवळवेढ्याला, मुंबई-अहमदाबाद हायवेला लागूनच ही यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते. गाडी म्हणजे प्लॅस्टिकचा लाल ट्रक, पुढे दोरी बांधायला भोक. चार दिवसांत मागचं चाक निघालं. मामा खऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याने खेळणं उलटं केलं, आत डोकावला आणि म्हणाला, "याला चेसीच नाय रे. तारा डायरेक बॉडीत खोचल्यात."

आता मी दिवसभर कोड लिहितो आणि सुट्टीत रिमोटवर चालणारा एक-दशांश मापाचा क्रॉलर ट्रक दगडांवर चढवतो. क्रॉलर वेगात पळत नाही. तो मुंगीसारखा, एकेक चाक चाचपत चढतो. पहिल्यांदा डहाणूला नेला तेव्हा मामाने तोही आधी उलटाच केला. खाली दोन लांब लोखंडी दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. "ही तर जीपची चेसी!"

मामाचं बरोबर होतं. जीपची चेसी खेळण्यात कशी आली, याची गोष्ट मजेशीर आहे. आणि ती आपल्या हायवेवरूनच जाते.

शिडीवरची गाडी

दोन दांडे आणि आडव्या पट्ट्या म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. म्हणूनच तिचं नाव लॅडर फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल सगळं या शिडीला टांगलेलं असतं आणि बॉडी वरून नटबोल्टने बसवतात. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप अशीच होती. महिंद्रांनी 1947 पासून तिची भारतात जुळणी सुरू केली. 1954 मध्ये टेल्कोने जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. त्यांचीही चेसी शिडीचीच.

ट्रकच्या दांड्यांचा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. असा उघड्या छेदाचा दांडा वाकायला कडक, पण पिळायला सोपा. खड्ड्यात एक चाक गेलं की अख्खी चेसी थोडी पिळते आणि बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत. खराब रस्त्यावर हा मोठाच गुण.

दुसरा गुण रस्त्यावर दिसायचा. हायवेवर तुम्ही कधी नुसती चेसी पळताना पाहिली आहे? पुढे इंजिन, कामचलाऊ सीट, त्यावर तोंडाला गमछा गुंडाळलेला ड्रायव्हर, मागे उघडे दांडे. ती निघालेली असते बॉडी बिल्डरकडे. कंपनीने चेसी विकायची आणि हौदा, फाळका, बऱ्याचदा केबिनसुद्धा सुतार-वेल्डरने बांधायची, ही आपली जुनी पद्धत. एकाच चेसीचा कोणी टँकर केला, कोणी डंपर, कोणी बस. फोर्डनेही 1917 मध्ये 'मॉडेल टीटी' ट्रक आणला तो नुसती चेसी म्हणूनच. बॉडी ज्याची त्याने बघावी.

याच्या उलट मोनोकॉक. तिथे वेगळी चेसी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, अंड्याच्या कवचासारखी. 1922 ची इटालियन लान्चिया लॅम्डा ही या प्रकारातली सुरुवातीची गाडी. मोनोकॉक हलकी असते, बुटकी असते, पेट्रोल कमी पिते. आज आपल्या बहुतेक कार अशाच. पण ती कारखान्यातून पूर्ण होऊनच बाहेर पडते. गावातल्या सुताराला तिच्यात काही करायला उरत नाही.

तीच गोष्ट, छोट्या मापात

जपानच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये पहिली रिमोटची कार आणली, पोर्शे 934. रेसिंग कार होती, सपाट रस्त्यासाठी. 1981 मध्ये त्यांनीच टोयोटा हायलक्स पिकअप काढली आणि खऱ्या पिकअपची जवळपास नक्कल केली: लॅडर फ्रेम, कमानपाटे, अखंड एक्सल आणि रिमोटवरून बदलता येणारे तीन गिअर. 1985 ची 'ब्रुझर' याच घराण्यातली.

त्याच 1981 मध्ये अमेरिकेत बॉब चँडलरने आपला 'बिगफूट' ट्रक जुन्या गाड्यांवर चढवून त्या चिरडल्या आणि मॉन्स्टर ट्रकचं वेड पसरलं. तामियाचं उत्तर 1987 मध्ये आलं, 'क्लॉड बस्टर'. यात प्रत्येक एक्सलवर स्वतःची मोटर आणि चारही चाकं वळणारी. मधल्या चेसीतून शाफ्ट नेण्याची गरजच संपली.

मग सगळ्यांना वेग आणि उड्या हव्या झाल्या. ट्रॅक्ससच्या 1999 च्या 'टी-मॅक्स'मध्ये नायट्रो इंधनाचं इंजिन होतं, ॲल्युमिनियमच्या प्लेटची चेसी आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. इतर अनेक ट्रकांत चेसी म्हणजे प्लॅस्टिकची एक घमेल्यासारखी खोली, तिला 'टब' म्हणतात. उडी मारून आपटायला हे उत्तम. दोन दांड्यांची शिडी जुनाट ठरली.

पण ती परत आली. दगडांवर हळू चढण्याचा नाद वाढला, तशी क्रॉलरमध्ये 'सी' छेदाच्या पोलादी दांड्यांची लॅडर फ्रेम रुळली. 2017 च्या ट्रॅक्सस 'टीआरएक्स-4' मध्ये तिच्या जोडीला पोर्टल एक्सल आले. चाकापाशी जास्तीचे गिअर देऊन एक्सल वर उचलायचा, म्हणजे पोट दगडाला लागत नाही. ही युक्ती जर्मनीच्या युनिमॉगमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच वापरली गेली होती.

इंजिनीअर म्हणून मला इथे एक प्रश्न पडतो. माप दहापट लहान केलं की वजन हजारपट कमी होतं, पण दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच. म्हणजे खेळण्यातला दांडा त्याच्या वजनाच्या मानाने खऱ्यापेक्षा कितीतरी दणकट. तो पिळत नाही, त्याला पिळायची गरजही नाही, ते काम सस्पेन्शन करतं. ताकदीसाठी शिडी लागत नाही, तर मग ती परत का आली?

थोडी नकलेच्या हौसेने. पण वापरून मला कळलेलं दुसरं कारण असं: शिडी अपुरी असते. तिच्यावर आज जीप बसवा, उद्या पिकअप. एक्सल पुढे-मागे सरकवा. टब घेतला की कंपनीने ठरवलेल्या जागीच स्क्रू बसतो.

फाट्यापर्यंत

तलासरीहून उधव्याकडे, आत डोंगराच्या पाड्यांवर लहानपणी जीप जायची. मागे आठ, टपावर चार, बोनेटला टेकून एक. पाटा तुटला तर नाक्यावरचा मिस्त्री तासाभरात बदलायचा. आता रस्ते सुधारले आणि जीपची जागा व्हॅनने घेतली. व्हॅन स्वस्त पडते, पाऊस आत येत नाही, आईसुद्धा तीच पसंत करते. पण डांबर संपलं की व्हॅनचं पोट घासतं, म्हणून ती फाट्यावर थांबते. पुढे चालत. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या आडवाटेच्या पाड्यांवरून पेशंटला डोलीत घालून आणल्याच्या बातम्या अजून येतात.

जुनी जीप परत आणा, असं मी म्हणत नाही. टपावरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. रस्ताच व्हायला हवा. पण गाडीची चेसी कुठल्या रस्त्यासाठी काढली आहे, त्यावर ती कोणापर्यंत पोचणार हे ठरतं. माझा खेळण्यातला ट्रक ज्या उतारावर चढतो, त्या उतारावर आज प्रवासी गाडी जात नाही, हे मला दर वेळी टोचतं.

दिवाळीत मी क्रॉलरची बॉडी काढून आइसक्रीमच्या काड्यांचा हौदा बांधला, मामाच्या जुन्या ट्रकसारखा. मामाने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "फाळक्याची कडी उलटी लावलीस. माल सांडंल."

काढून परत लावली.