फॉल्स रेल

हॅपी व्हॅलीतल्या हिंदू मंदिरातून बाहेर पडलं की समोरच रेसकोर्स. देवदर्शन आणि घोडे एकाच रस्त्यावर! हाँगकाँगला आल्यावर पहिल्यांदा रेसचं पुस्तक हातात घेतलं, तेव्हा प्रत्येक शर्यतीपुढे 'सी+३' असं छापलेलं दिसलं. मला ते व्हिटॅमिनचं नाव वाटलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आतला कठडा आज कुठे लावलाय, ते."

मला एकदम दादरचा मामा आठवला. महालक्ष्मीच्या प्रत्येक शर्यतीची वेळ तो वहीत टिपून ठेवी. पेपरात रेसच्या मजकुरात बारीक टाइपात एक ओळ असे : फॉल्स रेल इतके मीटर. मामा ती कधीच उतरवून घेत नसे. "कुंपण काय पळतं का रे?" म्हणे.

पळतं की! आणि ते पळवावं लागतं गवतासाठी. हॅपी व्हॅली मुळात दलदल. ती कोरडी करून १८४६ साली तिथे पहिली शर्यत झाली. जॉकी क्लब १८८४चा. १९७१मध्ये इथल्या शर्यती व्यावसायिक झाल्या, १९७८मध्ये समुद्रात भराव घालून शा टिनचा दुसरा ट्रॅक झाला. हंगामात शर्यती सतत चालू, आणि सगळे घोडे आतल्या कडेला बिलगून धावणार. तिथलं गवत टिकणार कसं? म्हणून कठडा बाहेर सरकवत नेतात : ए, बी, सी, आणि सीच्या पुढे तीन मीटर म्हणजे सी+३. ऑस्ट्रेलियात कठडा मूळ जागी असला की त्याला 'ट्रू' म्हणतात. आपल्याकडे हलवलेला तो 'फॉल्स'. एकाच गोष्टीची दोन टोकं!

आता शाळेतलं पाय काढा. कठडा आठ मीटर बाहेर नेला की अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर सुमारे पंचवीस मीटर वाढतात, म्हणजे जवळजवळ दहा घोड्यांची लांबी. अंतर कायम ठेवायचं तर सुरुवातीची जागाही हलवावी लागते. ब्रिटनमध्ये वाढलेले यार्ड जाहीर करतात. पण अंतर सांभाळलं तरी वळणाचा आकार बदलतो, ट्रॅक अरुंद होतो, कठड्यालगत ताजं गवत येतं. हॅपी व्हॅलीत शेवटचा सरळ पट्टा जेमतेम तीनशे मीटरचा. बाहेरून अडकलेल्या घोड्याला भरून काढायला वेळच मिळत नाही. म्हणून सी+३च्या दिवशी लोक आतल्या नंबरांकडे धावतात.

गंमत पुढेच आहे. इथे टोट : सगळ्यांचे पैसे एका हौदात, क्लबचा आणि सरकारचा वाटा कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे आपण खेळतो ते शेजाऱ्याविरुद्ध. आतल्या नंबरावर सगळेच तुटून पडले की त्याचा भाव उतरतो आणि ते ज्ञान फुकट जातं. पण ज्याला कठड्याची दखलच नाही, तो मात्र हौद भरत राहतो.

मामाने २००१च्या दिवाळीचा बोनस असाच एका 'पक्क्या' वेळेवर लावला आणि घालवला. मामी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. वही आता माझ्याकडे आहे. तारीख, घोडा, जॉकी, वजन, वेळ असे पाच रकाने. गेल्या सुट्टीत दादरला जुन्या कात्रणांशी तारखा जुळवून सहावा रकाना भरायला घेतला. ती पक्की वेळ ज्या दिवशी नोंदली, तिच्यापुढे शून्य आलं. बोनस गेला त्या रविवारपुढे मी पेन्सिलीने आठ लिहिलं.