करवीरदर्शन : रोमशीं जुना ऋणानुबंध

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं परमेश्वराचे उपकार आठवीत मागें वळून पाहणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य होय. परंतु मागें म्हणजे किती मागें, हा प्रश्न आमच्या मनांत बरेच दिवस घोळत होता. एखादा शेजारी, मनांत कांहीं दुष्टावा नसतांही, विचारतो, "तुमचा धर्म तर बाहेरचा, मग तुम्ही मूळचे कोठले?" मुलें घरीं येऊन तोच प्रश्न आईबापांस करितात. उत्तर देण्याच्या भरांत आपल्यांपैकीं कोणी, 'आम्ही प्रेषितांच्या काळापासूनचे' असें ठोकून देतात. कोणी खालीं मान घालून गप्प बसतात. यांपैकीं एकही गोष्ट ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं. म्हणून चार धर्मबंधूंस बरोबर घेऊन आम्हीं एक दिवस करवीर नगरीची वाट धरिली.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापुरास जाणारा प्रवासी अंबाबाईचें पुरातन देऊळ, रंकाळा आणि राजवाडा पाहून परत फिरतो. आम्ही प्रथम पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गेलों. दिसावयास तेथें फारसें कांहीं नाहीं. परंतु 1945-46 सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन विटांचीं घरें उजेडांत आलीं. त्याच सुमारास या टेकाडांतून काशाच्या वस्तूंचा एक मोठा सांठा हातीं लागला. त्यांत रोमन घडणीचा तांब्यासारखा एक सुरेख कुंभ होता, आरसा होता, आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची, जिला रोमन लोक नेपच्यून म्हणत, तिची एक मूर्ति होती. ही मूर्ति पुढें टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत ठेविली गेली. उंची वीतभरही नाहीं. परंतु घडण इतकी जिवंत, कीं आम्हीं बराच वेळ तेथून पाऊल उचललें नाहीं.

समुद्राचा देव घाटमाथ्यावर आला कसा? याचें उत्तर आपल्याच किनाऱ्यापाशीं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें 'पेरिप्लस' नांवाचा ग्रंथ लिहिला. मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून आषाढाच्या सुमारास जहाजें निघत आणि मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थान गांठीत, असें त्यावरून कळतें. कल्याणच्या दक्षिणेस त्यानें सेमिल्ला, मंदगोरा, पालेपत्मे, मेलिझीगारा, बायझँटियन अशीं बंदरें सांगितलीं आहेत. सेमिल्ला म्हणजे चौल हें आतां सर्वमान्य आहे. मंदगोरा बाणकोटपाशीं आणि मेलिझीगारा जयगडपाशीं असावें, असें कित्येक विद्वान मानितात. म्हणजे ज्या खाड्यांत आपले कोळी बांधव जाळें टाकितात, त्यांच्या तोंडाशीं रोमची गलबतें नांगरलीं असतील! येथील माल घाट उतरून खालीं येई, आणि परदेशचा माल बैलांच्या पाठीवर वर जाई. तलम कापड, मिरीं आणि रत्नें यांपायीं हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्सहून कमी नाणें ओढून नेतो, अशी तक्रार रोमचा प्लिनी करून गेला आहे. कैसराच्या ज्या नाण्यावरून प्रभु येशूनें परूशांस निरुत्तर केलें, तें तिबेरियस राजाचें असावें असें मानितात. आणि तिबेरियसचीं नाणीं दक्षिण हिंदुस्थानांत ढिगांनीं सांपडलीं आहेत.

तर मग त्या गलबतांवरून एखादा प्रभूचा शिष्यही येथें उतरला असेल काय? असें म्हणावेंसें वाटतें. परंतु वाटणें म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा पंतेनस 'इंडिया' देशीं आला, आणि त्यास तेथें मत्तयाचें शुभवर्तमान आढळलें, असें युसेबियस सांगतो. पण त्या काळीं 'इंडिया' हें नांव अरबस्तानासही लावीत. 6 व्या शतकांत कॉस्मस यानें कल्याणा येथें इराणांतून नेमिलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे. तें आपलें ठाण्याजवळचें कल्याण असावें, असें पुष्कळ अभ्यासक मानितात. 1321 सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन संन्याशांनीं श्रद्धेकरितां प्राण दिले, ही गोष्ट मात्र निश्चित. आणि आपल्या येथील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांस बाप्तिस्मा मिळाला तो 16 व्या शतकानंतर, गोव्याकडे. हें सांगण्यांत लाज कसली? जुनेपणा उसना आणून श्रद्धा मोठी होत नाहीं.

त्या मूर्तीपुढें उभे असतां आम्हांस एक विचार सुचला. पोसायडन येथें दोन हजार वर्षांपूर्वीं आला. आपल्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्यापेक्षां तो कितीतरी जुना. तरी त्याच्यापुढें आज कोणी गुडघे टेकीत नाहीं. तो माल म्हणून आला आणि माल म्हणूनच राहिला. याउलट कार्ल्याचें लेणें पाहा. तेथील खांबांवर 'यवन' दात्यांचे लेख कोरलेले आहेत. तेही परकेच म्हणविले गेले. परंतु येथील लोकांच्या प्रार्थनामंदिरास त्यांनीं खांब दिले, आणि ते या भूमीचे झाले. आपल्या परसांतला काजू तरी कोठला? पोर्तुगीजांनीं 16 व्या शतकांत तो ब्राझीलहून आणिला. त्यानें कोंकणच्या जांभ्या दगडांत मूळ धरिलें, फळ दिलें, आणि आज त्यास परका म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

तेव्हां, बंधुभगिनींनो, मुलें विचारतील तर त्यांस खरें सांगा. आपली श्रद्धा समुद्रमार्गें आली. जगांतील पुष्कळ राष्ट्रांस ती तशीच पोहोंचली. संत पौल स्वतः गलबत फुटून मालटा बेटाच्या किनाऱ्यास लागला होता. आपण कधीं आलों यावरून आपलेपण ठरत नाहीं; आपण या गांवास काय दिलें, कोणाचें दुखणें काढिलें, कोणास साक्षर केलें, शेजाऱ्याच्या दारीं संकटकाळीं कोण प्रथम गेलें, यावरून ठरतें. आपल्या वाडवडिलांनीं या मंदिराचे खांब उभे केले. गांवच्या घराला आधार देणारे खांब आपण व्हावें, एवढी कृपा दयाळू प्रभु या ज्युबिलीनिमित्त आपणां सर्वांस देवो.