मोजायचे तरी काय?

कंपनीसाठी सॉफ्टवेअर घ्यायला बसलेल्या माणसाला विक्रेता आधी विचारतो, यूजर किती? मग, सर्व्हर केवढा? हल्ली तिसराही प्रश्न येतो: एकूण कर्मचारी किती? या प्रश्नांचा वंश सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा मूळपुरुष पंचकार्डांवरची भोके मोजणारे एक यंत्र आहे.

हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी आपली यंत्रे विकली नाहीत, भाड्याने दिली. त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली, तिनेही हा रिवाज सोडला नाही. यंत्र भाड्याने, वर कार्डेही आमचीच वापरा ही अट. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली; भाडे मात्र चालू राहिले. संगणक आले तेव्हा प्रोग्राम, प्रशिक्षण, मदतीला येणारा इंजिनिअर, सगळे त्या भाड्यातच धरलेले असे.

यात हाल होत ते बाहेरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे. मार्टिन गोएट्झ यांची अप्लाइड डेटा रिसर्च ही कंपनी ऑटोफ्लो नावाचा फ्लोचार्ट काढणारा प्रोग्राम विकू पाहत होती आणि आयबीएम त्याच धाटणीचा प्रोग्राम फुकट देत होती. १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. गोएट्झ यांच्या कंपनीनेही त्याच वर्षी दावा लावला. अखेर २३ जून १९६९ ला आयबीएमने जाहीर केले, की यापुढे बऱ्याच प्रोग्रामांचे आणि सेवांचे पैसे वेगळे पडतील. त्या बदल्यात यंत्रांचे दर उतरले ते फक्त ३ टक्के, त्यामुळे ग्राहक चिडले यात नवल नाही. कायदा प्रोग्रामला कितपत संरक्षण देईल याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून विक्रीऐवजी करार आणि दरमहा लायसन्स फी असा मार्ग निघाला. आज सबस्क्रिप्शन म्हणून जे नवलाईने विकतात, ते असे तेव्हापासूनचे आहे. माझ्या मते मधली पर्पेच्युअल लायसन्सची वर्षे हाच खरा अपवाद.

तो अपवाद पीसीच्या जमान्यात फोफावला. आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी १९७२ मध्ये जर्मनीत सॅप काढली होती. कंपनीचा कारभार चालवणारे तिचे आर/३ हे सॉफ्टवेअर १९९२ मध्ये आले. एकदा मोठी रक्कम भरा, कायम वापरा. मोजायची ती डोकी: नावानिशी यूजर, नाहीतर एका वेळी आत असलेले. टॅली घेणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदारालाही सिंगल यूजर की मल्टी यूजर हा हिशेब पाठ असतो.

त्या कायमच्या लायसन्सला एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, शेपूट होतेच. ऑरॅकलचा सपोर्ट दरसाल निव्वळ लायसन्स किमतीच्या २२ टक्के. म्हणजे पाचवे वर्ष संपायच्या आत लायसन्सएवढे पैसे पुन्हा गेलेले असतात. नको झालेली काही लायसन्स परत केली, तर उरलेल्यांच्या सपोर्टचा भाव नव्याने लागतो आणि बचत कागदावरच राहते. म्हणून खरेदीच्या किमतीवर घासाघीस करत बसण्यापेक्षा सात-आठ वर्षांची बेरीज आधी मागावी.

इंटरनेट आल्यावर नुसती डोकी मोजणे पुरेना. वेबसाइटवर येणारा प्रत्येक जण यूजर कसा धरणार? मग प्रोसेसर मोजू लागले. पण २००५ च्या सुमारास एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर आले आणि विक्रेत्यांची गत खोलीवर भाडे ठरवलेल्या वाडेमालकासारखी झाली: भाडेकरूने आत पोटमाळा काढला! ऑरॅकल कोअर मोजून गुणकाने गुणू लागली. मायक्रोसॉफ्ट काही वर्षे सॉकेटच मोजत राहिली. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून तीही कोअरवर आली. ऑरॅकल डेटाबेसच्या एंटरप्राइज एडिशनची छापील किंमत प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर. इंटेलचे १६ कोअर, गुणक ०.५, म्हणजे ८ लायसन्स आणि ३,८०,००० डॉलर. सपोर्टचे वर्षाला ८३,६०० वेगळे. छापील भावाने मोठे ग्राहक घेत नाहीत, हे खरे; सूट निघते ती वर्षअखेरीच्या घाईत. ऑरॅकलचे आर्थिक वर्ष ३१ मे ला संपते, हे खरेदी खात्यातल्या जुन्या माणसांना उगाच माहीत नसते.

सगळ्यात बोचरे वळण २०१७ चे. जॉनी वॉकर बनवणाऱ्या डियाजिओने सेल्सफोर्स या क्लाउड सेवेवर दोन अॅप्लिकेशन्स बांधली; ती मागच्या दाराने सॅपमधल्या माहितीपर्यंत जात. सॅपने ५.४५ कोटी पौंड मागितले. लंडनच्या कोर्टाने म्हटले, आडून वापरणाराही यूजरच, त्याचे लायसन्स हवे. रक्कम ठरायची बाकी होती, पण हादरा जगभरच्या सॅप ग्राहकांना बसला. पुढच्याच वर्षी सॅपने नवे मोजमाप काढले: माणसे नकोत, तयार होणारे दस्तऐवज मोजू. त्याचे नऊ प्रकार ठरवले.

आपल्याकडे वाद वेगळाच रंगला. सॉफ्टवेअर घेणे म्हणजे विकत घेणे की भाड्याने घेणे, हे कर खात्यालाही ठरवायचे होते. टीसीएसच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअरला विक्रीकरासाठी माल ठरवले. परदेशी कंपनीला दिलेली किंमत म्हणजे रॉयल्टी, तेव्हा टीडीएस कापा, हा आयकर खात्याचा हट्ट मात्र २ मार्च २०२१ च्या निकालापर्यंत चालला. तो निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला.

एव्हाना भाडे परतले होते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने माणशी दरमहा आकारणी रुळवली. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये पर्पेच्युअल लायसन्स विकणेच बंद केले. ऑरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावासाठी सगळे कर्मचारी मोजायला घेतले, कंत्राटीसुद्धा. ५०० माणसांच्या कंपनीला माणशी महिना १५ डॉलर या छापील दराने वर्षाला ९०,००० डॉलर. जावा वापरणारे दहाच का असेनात.

आता एआय एजंट माणसांची कामे करू लागले, तर डोकी कमी होणार. सेल्सफोर्सने २०२४ मध्ये एजंटफोर्स आणताना दर संवादाला २ डॉलर लावले. एक संवाद कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हा प्रश्न ओघानेच आला. मे २०२५ मध्ये कंपनीने दुसराही पर्याय दिला: एजंटच्या प्रत्येक कृतीमागे १० सेंट.