ऊसतोडीचा हंगाम आणि बुडणारी शाळा

दसरा-दिवाळी आटोपली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे ओस पडू लागतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून, शेजारच्या बीडप्रमाणेच, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. कोरडवाहू शेती, वारंवार पडणारे अवर्षण आणि खरिपानंतर गावात न मिळणारे काम ही या स्थलांतराची मूळ कारणे होत.

या व्यवसायात मजुरांची गणना ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. मुकादम त्यांना हंगामापूर्वीच ‘उचल’ देतो आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. आई-वडील दोघेही निघाल्यावर घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही सोबत जातात. तळावरील कोपीत राहणे, पाणी भरणे, वाढे गोळा करणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे हा त्यांचा दिनक्रम ठरतो. यातील मोठा भार मुलींवर पडतो.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो. परिणामी दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. हजेरीपटावर नाव असते, वर्गात मूल नसते. वय वाढते, इयत्ता वाढते. वाचन-लेखन मात्र मागेच राहते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. पण तो मुलाबरोबर फडापर्यंत पोहोचत नाही.

यावर दोन प्रमुख उपाय झाले. पहिला, कारखान्याच्या परिसरातील साखरशाळा. परंतु टोळ्या विखुरलेल्या असतात आणि तळही बदलतात. सीमेपलीकडे गेलेल्या मुलांपुढे तर कानडी शाळेचा प्रश्न उभा राहतो. दुसरा उपाय म्हणजे गावातील हंगामी वसतिगृह. येथे मूल आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहते, त्याला भोजन मिळते आणि त्याची नेहमीची शाळा सुटत नाही. पुढे २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. त्यापूर्वी २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात या जिल्ह्याचा समावेश झाला होता आणि शिक्षण हा त्या कार्यक्रमातील एक प्रमुख निकष आहे.

तथापि योजनेच्या नावापेक्षा तिची तारीख महत्त्वाची आहे. टोळी निघण्यापूर्वी वसतिगृहाची चूल पेटली, तरच मूल गावात थांबते. एकदा गाडी हलली की नंतर आलेले अनुदान त्या वर्षापुरते निरुपयोगी ठरते. मुकादमाची उचल वेळेवर पोहोचते. शासनाची मदतही तितक्याच वेळेवर पोहोचली पाहिजे.