मौन सोडणाऱ्या मठमाता : बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड

धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत (मत्तय २५:१४-३०) आपण अनेकदा ऐकतो. तो दास उधळ्या नव्हता, तो भ्याला होता, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी भगिनी उत्तम गातात, लिहितात, चित्रे रेखाटतात. पण पुढे येण्यास सांगितले की ‘आम्हाला काय येते?’ म्हणून मागे सरतात. या संकोचाला आपण नम्रता समजतो. बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी संत हिल्डेगार्ड यांनीही प्रथम तसेच समजून मौन धरले होते.

त्यांचा जन्म १०९८ चा, उमराव घराण्यातला. बालवयातच आईवडिलांनी त्यांना देवाला वाहिले. डिसिबोडेनबर्गच्या मठात युट्टा या साध्वीपाशी त्या स्तोत्रे शिकल्या आणि ११३६ मध्ये युट्टा निवर्तल्यावर तेथील भगिनींच्या प्रमुख झाल्या. लहानपणापासून त्यांना दिव्य दर्शने होत असत. ११४१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पाहिलेले लिहून काढण्याची आज्ञा त्यांना झाली. आपण फारशा शिकलेल्या नाही, लोक काय म्हणतील, या शंकेने त्यांनी लेखणी उचलली नाही. त्या आजारी पडल्या. लिहावयास बसल्यावरच अंगात बळ आले, असे त्यांनी स्वतः नोंदविले आहे.

त्यांचे लॅटिन सफाईदार नव्हते. व्याकरण तपासण्यास फोल्मार हे व्रतस्थ होते, धीर देण्यास रिखार्डिस ही तरुण भगिनी होती. (देणगी एकटीची असली तरी ती फुलविण्यास सोबत लागते.) ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ पुरा होण्यास दहा वर्षे लागली. दरम्यान पोप युजीन तिसरे यांनी ट्रियर येथे त्यातील भाग वाचून त्यांना उत्तेजन दिले. पुढे बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे त्यांनी स्वतंत्र मठ उभारला, वनौषधींवर लिहिले, सत्तरांहून अधिक गीते रचली. त्यांच्या ‘ओर्दो विर्तुतुम’ या संगीतनाट्यात सारे सद्गुण गातात. सैतानाला मात्र एकही सूर दिलेला नाही, तो केवळ ओरडतो.

या गाण्याचे मोल ११७८ मध्ये कळून आले. ख्रिस्तसभेतून एकेकाळी बहिष्कृत झालेल्या, परंतु मरणापूर्वी समेट झालेल्या एका उमरावाला मठाच्या भूमीत पुरण्यात आले होते. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी ते शव उकरून काढण्यास सांगितले. ऐंशी वर्षांच्या मठमातेने नकार दिला. तेव्हा मठावर मिस्सा, ख्रिस्तप्रसाद आणि गायन यांची बंदी आली. हिल्डेगार्ड यांनी बंदी पाळली; प्रार्थना हलक्या आवाजात म्हटल्या जाऊ लागल्या. पण त्या गप्प राहिल्या नाहीत. धर्माधिकाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की, पतनापूर्वी आदामाच्या कंठात देवदूतांच्या स्तुतीचा स्वर होता. संगीत ही त्याचीच आठवण असून ते बंद पाडण्यात सैतानाला आनंद आहे. पुरेशा कारणावाचून देवाची स्तुती थांबविणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतीत वाटा मिळणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला. आज्ञापालन आणि स्पष्टोक्ती यांचा असा मेळ विरळाच!

मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, पुन्हा सुरू झालेल्या गायनात, त्यांनी देह ठेवला. २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेच्या धर्मपंडित म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री होत.