बालकांतील एच.आय.व्ही. संसर्ग : निदान व उपचार

गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी वा स्तनपानाद्वारे मातेकडून अपत्यास, आणि क्वचित दूषित रक्ताद्वारे, एच.आय.व्ही. या विषाणूचा होणारा संसर्ग. कोणतीही उपाययोजना न केल्यास मातेकडून तो होण्याचे प्रमाण शेकडा 15 ते 45 असते. मातेस वेळीच औषधे दिल्यास ते शेकडा 5 च्या खाली येते.

निदान : मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात व जन्मानंतर अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे प्रौढांसाठीची प्रतिपिंड-चाचणी या वयात होकारार्थी आली, तरी तिने मातेचा संसर्ग तेवढा सिद्ध होतो, बालकाचा नव्हे. यास्तव सहाव्या आठवड्यात बालकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर सुकवून, विषाणूचे जनुकद्रव्य हुडकणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी प्रयोगशाळेकडे रवाना करतात. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तजवीज 2010 पासून झाली. अंतिम निर्णय अठराव्या महिन्यानंतर देतात.

उपचार : उपचाराविना निम्मी बाधित बालके दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. लक्षणांची वाट न पाहता तान्हेपणीच औषधे सुरू केल्यास मृत्यू शेकडा 76 नी घटतात, असे दक्षिण आफ्रिकेतील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. अबॅकॅव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही औषधे वजनाप्रमाणे, तहहयात घ्यावी लागतात. सोबत न्यूमोनियापासून रक्षणासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात. सरकारी केंद्रांतून एच.आय.व्ही.विरोधी औषधे मोफत मिळण्याची व्यवस्था 2004 मध्ये सुरू झाली व 2006 मध्ये बालकांसाठी स्वतंत्र उपक्रम निघाला. नागपुरात ‘मेडिकल’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असे केंद्र आहे.

नागपूर व रक्तसुरक्षा : सिकलसेल व थॅलेसेमिया या विकारांमुळे विदर्भातील पुष्कळ बालकांना वारंवार रक्त चढवावे लागते. मे 2022 मध्ये नागपुरातील चार थॅलेसेमियाग्रस्त बालकांना रक्तातून हा संसर्ग झाल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे उघडकीस आले, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनास नोटीस बजावली. नुकताच बाधित झालेल्या रक्तदात्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झालेली नसतात, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत विनाकारण धास्ती उत्पन्न करणारी तीच चाचणी येथे खोटी निश्चिंती देते. जनुकद्रव्याच्या ‘नॅट’ चाचणीने हा धोक्याचा अवधी पुष्कळ कमी होतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही.

10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या कायद्याने बाधितांना शाळा वा रुग्णालय यांत भेदभावाची वागणूक देण्यास मनाई केली आहे. सहाव्या आठवड्याची चाचणी न चुकविणे व औषधांत खंड पडू न देणे, ही पालक आणि आरोग्यसेवक या दोघांचीही जबाबदारी होय. ती पाळली गेल्यास बहुतेक बाधित बालके प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतात.