कमिशनरच्या खुर्चीतून वर्गात : रमेशचंद्र दत्त यांच्या उत्तरायुष्याची कहाणी

१/ सन १८९७. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी एका भारतीय अधिकाऱ्याने सनदी नोकरीचा निरोप घेतला. विभागीय कमिशनरच्या पदापर्यंत पोहोचलेले ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भारतीय इतिहासाचे व्याख्याते झाले. त्यांचे नाव रमेशचंद्र दत्त.

२/ हे कॉलेज त्यांना परके नव्हते. १८६८ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि बिहारीलाल गुप्त या मित्रांसह ते विलायतेला गेले, तेव्हा याच संस्थेत शिकून त्यांनी सनदी परीक्षेची तयारी केली होती. १८६९ च्या परीक्षेत ते तिसरे आले. तीस वर्षांनी त्याच संस्थेत ते अध्यापक म्हणून परतले.

३/ सुरेंद्रनाथांना सरकारने १८७४ मध्ये बडतर्फ केले. त्यानंतर ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये ते इंग्रजी शिकवू लागले. एका मित्राला नोकरी गेल्यामुळे अध्यापनाकडे वळावे लागले. दुसरा सव्वीस वर्षे सेवा करून, अधिकार हाती असताना, आपण होऊन त्या वाटेला लागला.

४/ त्या सव्वीस वर्षांत दत्तांनी काय पाहिले? १८७४ मध्ये नदिया जिल्ह्यातील मेहेरपूर येथे दुष्काळनिवारण. १८७६ च्या भीषण चक्रीवादळानंतर दक्षिण शाहबाजपूर येथे उद्ध्वस्त गावांची पुन्हा उभारणी. बंगालच्या रयतेच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तकही १८७४ चेच. सारा, खंड, पीक आणि भूक यांचे नाते त्यांना दौऱ्यावर असतानाच उमगले होते.

५/ लेखणी मात्र नोकरीतही थांबली नव्हती. ऋग्वेदाचा बंगाली अनुवाद, प्राचीन भारताच्या संस्कृतीचा तीन खंडांतील इतिहास, शिवाय बंगाली कादंबऱ्या. त्यांतील एक मराठी वाचकाला विशेष जवळची : शिवकालावरील ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ (१८७८). बंगालच्या एका दंडाधिकाऱ्याला स्वातंत्र्याची कथा सांगण्यासाठी सह्याद्री आठवला, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

६/ मग नोकरी का सोडली? कारणे अनेक असतील. परंतु निवृत्तीनंतर त्यांनी काय केले, ते पाहिले की त्यांचा मुख्य हेतू कळतो. सरकारी अधिकाऱ्याने सरकारच्या महसूल धोरणावर उघड टीका करणे शक्य नव्हते. व्याख्यात्याला ती मोकळीक होती. १८९९ मध्ये लखनौच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०० मध्ये, देश दुष्काळात होरपळत असताना, लॉर्ड कर्झनला उद्देशून लिहिलेली त्यांची जाहीर पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

७/ त्या पत्रांचा आशय साधा होता. पाऊस चुकणे हे नैसर्गिक संकट खरे. पण एका वर्षाच्या नापिकीत शेतकरी कोलमडतो, कारण जड शेतसारा त्याच्या गाठीशी काही शिल्लकच उरू देत नाही. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीचीही त्यांनी झाडाझडती घेतली. टीका सरकारच्या वर्मी लागली. १९०२ च्या जानेवारीत कर्झनच्या सरकारला जमीनमहसूल धोरणाचे समर्थन करणारा सविस्तर ठराव प्रसिद्ध करावा लागला.

८/ अध्यापनाच्या याच काळात त्यांचा मुख्य ग्रंथ सिद्ध झाला : ब्रिटिश अमलातील भारताचा आर्थिक इतिहास, दोन खंड, १९०२ आणि १९०४. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. संसदेची कागदपत्रे, १८१३ च्या चौकशीतील साक्षी, बुकानन यांची पाहणी, असे बहुतेक साक्षीदार राज्यकर्त्यांच्याच बाजूचे. सरकारी दप्तर कसे वाचावे, हे दप्तर लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

९/ याच कॉलेजात १८५६ पासून दादाभाई नौरोजींनी गुजरातीचे प्राध्यापकपद सांभाळले होते. भारताची संपत्ती बाहेर वाहून जाते, हा दादाभाईंचा सिद्धांत. दत्तांनी त्याला हातमागाचा ऱ्हास आणि साऱ्याचा बोजा यांच्या तपशीलवार इतिहासाची जोड दिली.

१०/ त्यांच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. बंगालच्या कायमधारा पद्धतीविषयी त्यांचे मत फार अनुकूल होते. ब्रिटिश राज्य संपावे, अशी त्यांची मागणी नव्हती. ते न्यायाने चालावे, एवढीच अपेक्षा होती. हस्तोद्योगांच्या ऱ्हासाविषयीच्या त्यांच्या मांडणीवर अर्थेतिहासकारांत पुढे बराच वाद झाला. पण तो वाद ज्या भूमीवर झाला, ती मोठ्या अंशी त्यांनीच नांगरलेली होती.

११/ १९०४ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बडोद्याला बोलावले. ते महसूलमंत्री झाले आणि १९०९ मध्ये दिवाण. आधी कारभार, मग अध्यापन आणि पुन्हा कारभार, असे हे वर्तुळ पूर्ण झाले. वर्गात व ग्रंथात मांडलेले विचार प्रत्यक्ष राज्यकारभारात आजमावण्याची संधी फार थोड्या अध्यापकांच्या वाट्याला येते.

१२/ नोव्हेंबर १९०९. इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेल्या जहाजावर चाळिशीचा एक बॅरिस्टर भराभर लिहीत होता. दत्तांचा आर्थिक इतिहास वाचून आपल्याला रडू आले, अशी कबुली त्याने त्या लेखनात दिली. ते पुस्तक ‘हिंद स्वराज’ आणि लेखक मोहनदास गांधी. लेखन २२ नोव्हेंबरला संपले आणि डिसेंबरात छापून आले. दत्त ३० नोव्हेंबरला बडोद्यात निवर्तले. त्यांच्या वर्गात कधीही न बसलेल्या या विद्यार्थ्याचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.